करंजदऱ्याच्या यादवीचं खरं कारण

जुन्नर, ता. ९ फेब्रुवारी १९०९

दोस्त धर्माजी,

सलाम. दोन बातम्या आहेत. मोठी आधी सांगतो, कारण धाकटी सांगायला जास्त वेळ लागणार आहे.

आपल्या साबेराचं ठरलं. मुलगा तुझ्या मंचरचाच, बटाट्याच्या व्यापाऱ्यांच्या घरातला अमजद. मे महिन्यात निकाह. बिबिजान सारखी म्हणते की पोरगी लांब चालली. मी म्हणतो, लांब कुठली, धर्माजीच्या दारात चालली. साबेरानं मात्र एकच विचारलं, "धर्माजीकाकांची गाडी येणार ना?" तिचं नाव ठेवलं त्या दिवशी तू तिला मांडीवर घेऊन सगळ्यांदेखत बोलला होतास की ही सासरी जाईल ती माझ्याच बैलगाडीतून. तेव्हाचे बैल आता राहिले नाहीत, पण शब्द आहे, आणि पोरीनं तो धरून ठेवलाय.

दुसरी बातमी. पुण्याच्या इतिहासमंडळाच्या चिटणिसांचं पत्र आलंय. करंजदऱ्याच्या यादवीवर आपण दोघांनी मिळून निबंध वाचावा, असं म्हणतात. ज्या दोघांना मास्तर इतिहासाच्या तासाला वर्गाबाहेर उभं करायचे, त्या दोघांना हे बोलावणं. अट एवढीच की निबंध एक आणि कारणही एक. दोघं दोन कारणं सांगायला लागले तर मंडळ ऐकून घेणार नाही.

तुला पाठ आहे तेच पुन्हा लिहितो, म्हणजे निबंधात तसंच्या तसं उतरवता येईल. बहामनी अमलात आंबेगावाकडच्या करंजदऱ्यात दोन देशमुख भाऊ होते, थोरला खंडोजी आणि धाकटा बाळोजी. बाळोजीच्या मुलीच्या लग्नादिवशी खंडोजी माणसं, घोडी आणि वाजंत्री घेऊन निघाला, पण गावात शिरलाच नाही. घोडनदीच्या पलीकडं झाडाखाली दिवसभर बसून राहिला. दिवस मावळताना उठून गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून यादवी सुरू. अकरा वर्षं चालली. अर्धं खोरं इकडं, अर्धं तिकडं. शेवटी जुन्नरच्या सुभेदारानं दोघांचीही देशमुखी काढून घेतली. एवढं तुझ्या मोडी बखरीतही आहे आणि माझ्या फारसी कागदातही. (तो कागद मी आमच्या कागदाच्या कारखान्यातल्या रद्दीच्या हौदातून ओढून काढला, हे निबंधात लिहायचं नाही. चुन्याच्या पाण्यात आणखी जरा राहिला असता, तर त्याचाच लगदा होऊन त्यावर मी तुला हे पत्र लिहिलं असतं.)

आता प्रश्न उरतो की तो माणूस दिवसभर तिथं का बसला. उत्तर उघड आहे. थोरला असूनही देशमुखीतला पहिला मान धाकट्याकडं गेला, म्हणून त्यानं सुभेदाराशी संधान बांधलं आणि नदीकाठी फौजेची वाट पाहत बसला. फौज आली नाही. कारण: वारसा. तू सही कर, म्हणजे काम झालं.

तुझा
हनीफ


मंचर, ता. १४ फेब्रुवारी १९०९

हनीफ,

साबेराची बातमी वाचून दाखवली तर आमची प्रयागबाई रडायलाच लागली. का रडतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आनंदानं रडतीया, तुमाला न्हाई कळायचं." मला कळतं, पण पुरुषमाणसानं कळून दाखवायचं नसतं. गाडीची काळजी सोड. आजच सुताराकडं चाक दाखवलं. आमचा गडी गेणू बैलांना आतापासूनच पेंड चारतोय आणि नवी झूल शिवायला टाकलीय. साबेराला सांग, जुन्नर ते मंचर पाण्यानं भरलेला तांब्या मांडीवर ठेवून आलीस तरी सांडणार नाही.

आता तुझ्या कारणाबद्दल. हनीफ, तुझ्या डोक्यात फारसी फार झालीय. फौजेची वाट पाहणारा माणूस सोबत वाजंत्री घेऊन येतो का? कारण उघड आहे ते दुसरंच. घाटावरून कोकणचं मीठ आणि नारळ यायचे. त्यावरची जकात धाकटा खायचा. थोरल्यानं नदी ओलांडायच्या उताराशी ठाण मांडलं, म्हणजे येणारा-जाणारा माल अडवता यावा. कारण: जकात. तू सही कर.

धर्माजी


जुन्नर, ता. २० फेब्रुवारी १९०९

अरे धर्माजी,

जकात वसूल करणारा तरी वाजंत्री आणतो का? मिठाच्या गोणीपुढं सनई वाजवायची असते, हे मला आजच कळलं. कांद्याबटाट्याच्या गावात राहून तुला जिथंतिथं बाजारच दिसायला लागलाय. उद्या तू म्हणशील की रामरावणाचं युद्ध लंकेच्या नारळावरून झालं.

आणि एक गोष्ट तुझ्या बखरीत नाही, माझ्या कागदात आहे. खंडोजीच्या मांडीवर दिवसभर एक रेशमी लुगडं होतं. कोणाला हात लावू देत नव्हता. आता बोल. ते सुभेदारासाठी आणलेलं नजराण्याचं वस्त्र होतं, हे पोराटोरालाही पटेल.

बिबिजान विचारते, सुभेदार लुगडं नेसायचा का. तिला इतिहासाची गोडी नाही.

हनीफ


मंचर, ता. ८ मार्च १९०९

हनीफ,

घरात बसून वाद घालणं तुला शोभतं, मला नाही. मी स्वतः करंजदऱ्याला जाऊन आलो. खंडोजी ज्या झाडाखाली बसला ते आता नाही, पण त्याच जागी दुसरं आहे. त्याखाली सकाळी बसलो तो संध्याकाळी उठलो.

जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहितो. तिथून घाट दिसत नाही. जुन्नरचा रस्ताही दिसत नाही, म्हणजे तुझी फौज आली असती तरी खंडोजीला ती पत्ता विचारत आल्यावरच कळली असती. तिथून फक्त गावाची वेस दिसते, आणि वेशीतून कोण बाहेर येतं तेवढं दिसतं. वारा गावाकडून येतो, त्यामुळं चुलीवर काय शिजतंय ते पोटाला कळतं. दुपारनंतर मला दुसरं काही सुचेना. मी त्या वेशीकडंच बघत राहिलो.

मध्येच धोंडाबाई नावाची एक म्हातारी पलीकडून ओरडली, "पावणं, रुसल्यावानी का बसलाय? या की, भाकर खावा." मी सांगितलं की इतिहासाचं काम चाललंय, मध्ये बोलू नये. ती गेली बिचारी. लुगड्याचाही मी विचार केला. जकात बसवायची तर मालाचा नमुना जवळ लागतोच.

तेव्हा निष्कर्ष: जकात. निबंधाचा मसुदा सोबत पाठवतोय. वर नाव घातलंय 'धर्माजी गावडे, मंचर'. खाली लहान अक्षरात 'साहाय्य व कागद: महंमद हनीफ, जुन्नर'. कागद तुझ्या कारखान्याचा आहे, म्हणून आठवणीनं तेही लिहिलंय.

धर्माजी


जुन्नर, ता. १५ मार्च १९०९

रा. रा. धर्माजीराव गावडे यांस महंमद हनीफ याचा सलाम विनंती विशेष.

आपला मसुदा पोहोचला. 'साहाय्य व कागद' हे शब्द दोनदा वाचले, नंतर चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले. किराणा दुकानदारास आम्ही पुड्या बांधण्यास कागद देतो. तो देखील आमचे नाव याहून मोठ्या अक्षरात लिहितो.

मसुदा परत पाठवीत नाही. तो हौदात आहे. लवकरच लगदा होऊन कोरा करकरीत निघेल, तेव्हा आपण त्यावर दुसरे काही लिहावे. लगदा कुटताना मला पुष्कळ बरे वाटले.

समेटासाठी पहिले पाऊल कोणी टाकावयाचे, हे आपल्यासारख्या जाणत्यास सांगावयास नको. आम्ही जुन्नरातच आहोत.

महंमद हनीफ


मंचर, ता. २२ मार्च १९०९

जनाब महंमद हनीफसाहेब यांस साष्टांग नमस्कार.

पहिले पाऊल मसुदा भिजविणाऱ्याने टाकावे, अशी मंचरात रीत आहे. आम्हीही मंचरातच आहोत.

इकडे सर्व बाजार जकातीच्या बाजूचा आहे. एक बटाटेवाला वारशाच्या बाजूने बोलला, त्याच्याकडून आम्ही बटाटे घेणे बंद केले. (प्रयागबाई घेते. पण ती बाजू म्हणून घेत नाही, बटाटे म्हणून घेते.) आपल्या मोहल्ल्यातही दोन तट पडल्याचे समजते. ज्याला त्याला आपापले लखलाभ.

धर्माजी गावडे


जुन्नर, ता. २० एप्रिल १९०९
(पोस्टकार्ड)

श्री. धर्माजीराव गावडे, मंचर. आमची कन्या साबेरा हिचा निकाह ता. १६ मे रोजी आहे. येण्याचे करावे. जकातीचा पुरावा सापडला असल्यास सोबत आणावा.

म. हनीफ


मंचर, ता. २६ एप्रिल १९०९

हनीफसाहेब,

कार्ड मिळालं. आधी ते हौशीराम पोस्टमनला मिळालं, त्याच्याकडून बाजाराला मिळालं, आणि मी घरी पोचेपर्यंत चार जणांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. शेवटच्या ओळीला लोक जास्त हसले.

तुमच्या थोरल्याच्या लग्नाचं बोलावणं करायला तुम्ही अंगात ताप असताना जुन्नरहून इथं आला होता. दारात उभं राहून म्हणाला होता, "धर्मा, तू आल्याबिगार मी कुणाला हात धुवू द्यायचो न्हाई." प्रयागबाईनं काढा करून दिला तेव्हा कुठं परत गेलात. त्या माणसाकडून आम्हाला यावेळी कार्ड आलं. कार्डावर बोलावलेल्या लग्नाला जायची आमच्या घराण्यात रीत नाही. साबेराला आमचा आशीर्वाद आहे. गाडीचं बघू.

एवढं लिहून थांबणार होतो. राहवलं नाही म्हणून लिहितो. वाईट वाटलं, हनीफ.

धर्माजी


जुन्नर, ता. ३ मे १९०९

धर्माजीकाका,

सलाम. मी साबेरा. अब्बांना न सांगता लिहितेय.

तुमचं पत्र आल्यापासून अब्बा हौदाशी जाऊन उभे राहतात आणि उगाच पाणी ढवळतात. अम्मी म्हणाली की जाऊन घेऊन या, तर म्हणाले, "मी बोलावलंय, आता त्यानं यायचं." अम्मी म्हणाली की बोलावणं आणि कार्ड टाकणं एक नसतं. तेव्हापासून तिच्याशीही बोलत नाहीत. आता मी दोघांमधून निरोप नेते. परवा मिठाचा निरोप नेला.

काका, यादवी कशानं झाली मला माहीत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की तुमची गाडी दारात आल्याशिवाय मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. सासरच्यांनी पालखी आणली तरी नाही. काकूंना सलाम.

साबेरा


कुकडीच्या पलीकडं, ता. १६ मे १९०९, सकाळ
(हस्ते गेणू)

जनाब हनीफसाहेब,

आम्ही काही कामानिमित्त इकडं आलो आहोत. कुकडीचं पात्र उन्हाळ्यात कसं दिसतं ते पाहायचं होतं. नदीपलीकडं झाडाखाली बसलो आहोत. आपल्या घरच्या कार्याशी आमच्या येण्याचा काही संबंध नाही. कोणाला पाठवायची तसदी घेऊ नये.

धर्माजी गावडे


जुन्नर, त्याच दिवशी
(हस्ते गेणू)

रा. रा. धर्माजीराव,

नदी पाहावी. जुन्नरकर कोणाला नदी पाहू नका म्हणत नाहीत.

एक शंका. मंचरहून जुन्नरास येताना कुकडी ओलांडावी लागत नाही. गाव अलीकडेच आहे. बिबिजानने सकाळी आपली गाडी आमच्या गल्लीच्या तोंडावरून वळसा घालून नदीकडे जाताना पाहिली. तेव्हा आपण गाव सोडून, नदी ओलांडून, पलीकडे कोणत्या कामासाठी गेलात?

जेवणाची तयारी झाली आहे. हे सहज कळवले.

महंमद हनीफ


कुकडीच्या पलीकडं, दुपार
(हस्ते गेणू)

हनीफसाहेब,

तयारी झाल्याचं वाऱ्यावर कळलंच होतं. आम्हाला भूक नाही. इथून आपल्या गल्लीचं तोंड चांगलं दिसतं. अजून तरी कोणी बाहेर आलेलं दिसलं नाही.

गेणू नदीतून ये-जा करून गुडघ्यापर्यंत भिजलाय. त्याला तरी जेवायला घाला. त्याचं कोणाशी भांडण नाही.

धर्माजी


जुन्नर, दुपार
(हस्ते गेणू)

धर्माजी,

गेणूला जेवायला बसवून हे लिहितोय. इकडं अवघड झालंय. निकाह झाला, जेवणं झाली, आता निघायची वेळ आली आणि साबेरा उठायला तयार नाही. गाडी कुठं म्हणते. अमजदच्या चुलत्यांनी टांगा आणलाय. ते म्हणाले आमच्या टांग्यात काय कमी आहे. मी म्हणालो काही नाही. आता ते गल्लीच्या टोकाला जाऊन पाठ करून उभे आहेत. आणखी थोडा वेळ गेला तर तेही नदीकडं जातील आणि मला दोन काठांवर माणसं सांभाळावी लागतील.

तू यायचं होतंस. कार्ड टाकलं ही माझी चूक असेल, पण तू इतकं लांबून येऊन एवढ्याशा अंतरावर बसतोस आणि

थांब. गेणू जेवताना काय बोलला ते लिहितो. मी त्याला विचारलं की तुझे धनी तिथं करतात तरी काय. तो म्हणाला, "काय न्हाई, राव. सकाळधरनं मांडीवर पोरीसाठी आणल्यालं रेशमी लुगडं घिऊन बसल्यात. मला हात लावू द्येत न्हाईत. दोन सनईवालं आणल्यात, पर त्यास्नी म्हन्ले, बोलावनं आल्याबिगार फुकायचं न्हाई. आन् निसतं तुमच्या गल्लीकडं बगत्यात."

धर्माजी, वाजंत्री. लुगडं. आणि जिथून फक्त वेस दिसते ती जागा.

अरे, तो फौजेची वाट पाहत नव्हता. जकातही मागत नव्हता. तो रुसला होता. लुगडं पुतणीचं होतं. तो दिवसभर वेशीकडं बघत होता की बाळोजी येईल, हात धरील आणि म्हणेल, दादा, चल, पानं वाढलीत. आणि बाळोजी माझ्यासारखाच घरात बसून म्हणत असेल की मी बोलावलंय, आता त्यानं यायचं. दिवस मावळेपर्यंत त्या माणसाला न्यायला कोणीही आलं नाही. चार शतकं उलटली त्या गोष्टीला.

जागचा हलू नकोस. मी येतोय. जोडा सापडेना तर अनवाणी येतो.

हनीफ


कुकडीच्या पलीकडं
(हस्ते गेणू)

हनीफ,

वाचलं. सनईवाल्यांनाही वाचून दाखवलं, त्यातला एक रडला. करंजदऱ्यात धोंडाबाईनं मला तोंडावर सांगितलं होतं की रुसल्यावानी बसलाय, आणि मी तिलाच गप्प केलं. माझी जकात मी मागे घेतली.

ये, पण रीत सोडून होणार नाही. तू चल म्हणशील, मी नाही म्हणेन. पुन्हा म्हणशील, पुन्हा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा मी उठेन, बैल जुंपलेलेच आहेत. दुसऱ्या नाहीनंतर रागावून परत जाऊ नकोस, एवढी मेहरबानी कर. तू गल्लीतून बाहेर पडलेला दिसलास. खरंच अनवाणी निघालास की काय? वाळू तापलीय, लेका, जोडा घालून ये.

धर्मा


जुन्नर, ता. २ जून १९०९

पुणे येथील इतिहासमंडळाचे रा. रा. चिटणीस यांस,

महंमद हनीफ आणि धर्माजी गावडे यांचा सलाम आणि नमस्कार. एका निबंधाला एक कारण, ही आपली अट पुरी झाली. निबंध सोबत आहे. धर्माजी तो लिहायला जुन्नरला येऊन राहिलाय. नाव कोणाचं आधी यावर नवा वाद झाला, कारण आता धर्माजी म्हणतो तुझं आणि हनीफ म्हणतो तुझं. शेवटी वेळ फार गेला म्हणून शाई ज्याच्या हातात होती त्याचं आधी पडलं.

करंजदऱ्याच्या यादवीचं कारण असं: खंडोजी देशमुख भावावर रुसून नदीपलीकडं बसला आणि त्याची समजूत काढायला कोणी गेलं नाही. आजवर वाजंत्र्यांचा, लुगड्याचा आणि जागेचा अर्थ लागत नव्हता. या कारणानं तिन्हींचा लागतो.

आपण विचाराल की मुळात तो कशावरून रुसला. ते कोणत्याच कागदात नाही. आम्ही कशावरून रुसलो होतो ते आम्हीही निबंधात घातलेलं नाही. तशा गोष्टी नंतर लिहायला घेतल्या की लाज वाटते.

पुरावा म्हणून एवढंच सांगतो की ता. १६ मे रोजी आम्ही हा प्रकार कुकडीकाठी स्वतः करून पाहिला. तिसऱ्या विनंतीला धर्माजी उठला. सनया वाजल्या. साबेरा ते लुगडं अंगावर घेऊन गाडीत बसली, आणि अमजदच्या रुसलेल्या चुलत्यांना धर्माजीनं हाताला धरून पुढच्या बाजूला आपल्या शेजारी बसवलं. टांगा मागून मोकळा गेला. हनीफ ओझरच्या फाट्यापर्यंत गाडीबरोबर चालत होता आणि धूळ डोळ्यांत गेली असं सांगत होता. ती धूळ नव्हती, हे आम्ही दोघेही इथं लिहून देतो.

महंमद हनीफ
धर्माजी गावडे


पुणे, ता. २५ ऑक्टोबर १९०९
(पोस्टकार्ड)

रा. रा. महंमद हनीफ व धर्माजी गावडे यांस,

आपला निबंध सभासदांनी वाचला. अकरा वर्षांच्या रक्तपातास इतके क्षुल्लक कारण असू शकेल हे मंडळास मान्य होणे कठीण आहे. सभासदांपैकी काहींचा कल जकातीकडे व काहींचा वारशाकडे आहे, व यावरून मागील दोन बैठकांत बोलाचाली झाली. तथापि ता. २८ नोव्हेंबर रोजी दुपारी मंडळाच्या जागेत निबंध वाचण्यास हरकत नाही. येण्याचे करावे.

चिटणीस


मंचर, ता. २ डिसेंबर १९०९

रा. रा. चिटणीस यांस,

सलाम आणि नमस्कार. निबंधवाचनाला आम्ही आलो नाही असं आपण दप्तरात नोंदवलं असेल. ते खोडावं. आम्ही आलो होतो.

ठरल्या दिवशी दोघंही पुण्यात पोचलो. मंडळाची जागा मुठेच्या ज्या काठाला आहे, त्याच काठाला उतरलो होतो. मग लकडी पूल ओलांडून पलीकडं गेलो आणि समोरच्या झाडाखाली बसलो. धर्माजीनं नवं पागोटं घातलं होतं. निबंध हनीफच्या मांडीवर होता आणि तो कोणाला हात लावू देत नव्हता. तिथून मंडळाचं दार नीट दिसतं, आणि दारातून कोण बाहेर येतं तेही.

आपण दोनदा बाहेर आलात. रस्त्याकडं पाहिलंत, खिशातलं घड्याळ पाहिलंत आणि आत गेलात. नदीकडं एकदाही पाहिलं नाहीत. आम्ही धोतराचा सोगा हलवून पाहिला. दिवस मावळताना उठलो आणि मंचरच्या वाटेला लागलो.

तेव्हा कळवायचं असं की मंडळ आणि आम्ही यांच्यात आजपासून यादवी आहे. मंचर आमच्या बाजूला आहे, जुन्नर आमच्या बाजूला आहे आणि ओझरचे लोक उद्यापर्यंत कळवतो म्हणालेत. पुढंमागं कोणी अभ्यासू या यादवीची कारणं शोधायला बसेल आणि त्यात बिचाऱ्याचा जन्म जाईल, म्हणून कारण आत्ताच लिहून ठेवतो. आम्हाला न्यायला कोणी आलं नाही.

हे पत्र आम्ही साबेराच्या पडवीत बसून लिहितोय. तिनं वाचलं आणि म्हणाली, "पुण्याच्या लोकांना ही रीत कशी ठाऊक असणार? त्यांना नीट सांगा तरी." म्हणून नीट सांगतो. निबंध ऐकायचा असेल तर कार्ड टाकू नये. एक माणूस पाठवावा. आम्ही दोनदा नाही म्हणू. त्यानं तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय परत फिरू नये.

धर्माजी गावडे
महंमद हनीफ